रोज स्तोत्र ९१ म्हणूनही ऍक्सिडेंट झाला, मग देवदूत कुठे होते?

ताई, तुमचा प्रश्न दोनतीनदा वाचला. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात मांडतो, काही चुकलं तर सांगा. तुमच्या घरी रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत बायबलमधलं स्तोत्र ९१ म्हणतात. धाकटा भाऊ आणि त्याचा तरुण संघातला मित्र बाइकवरून येत होते, ट्रकने धडक दिली, मित्र जागीच गेला, भाऊ वाचला पण एक पाय गुडघ्याखालून काढावा लागला. त्यानंतर मंडळीतल्या (म्हणजे चर्चमधल्या) एकांनी सांगितलं की घरात विश्वास कमी पडला म्हणून देवदूतांचं कुंपण उठलं, दुसरे म्हणाले छे, देवदूतानेच वाचवलं, रविवारी साक्ष द्या, म्हणजे सगळ्यांसमोर उभं राहून हे सांगा. आणि तुमच्या आठ वर्षांच्या मुलीने विचारलं, मामाचा देवदूत झोपला होता का? भाऊ तर आता बायबलचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करतो. तुमचा प्रश्न असा की देवदूत खरंच रक्षण करतात, की ही आपली आपण घातलेली समजूत आहे.

मी वीसेक वर्षं पाळक म्हणजे पास्टर होतो, त्यातली बरीचशी हॉस्पिटलमध्ये चॅप्लिन म्हणून गेली, म्हणजे आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर लोकांशेजारी बसणं हीच ड्युटी. त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही, पण सोपा कधीच वाटला नाही. मी प्रोटेस्टंट आहे, तुम्ही कॅथलिक असाल तर काही गोष्टी तुमच्याकडे वेगळ्या शिकवतात, त्या त्या ठिकाणी सांगतो. आणि भावाशी काय बोलायचं हे तो आता कुठल्या अवस्थेत आहे त्यावर बरंचसं अवलंबून आहे, ते शेवटी घेतो.

खरं सांगू का, तुमचा प्रश्न देवदूत आहेत की नाहीत हा नाहीच असं मला वाटतं. तुम्हाला फसवल्यासारखं वाटतंय. वचन होतं, आम्ही आमची बाजू रोज सांभाळली, समोरून वचन मोडलं गेलं, असा हिशोब मनात बसलाय. असं वाटणं पाप नाही, स्तोत्रं लिहिणाऱ्यांनीच देवाला याहून कडक शब्दांत विचारलंय. फक्त तो हिशोब ज्या कागदावर मांडलाय तो कागद एकदा नीट वाचू, कारण आपण बहुतेकांनी तो अर्धाच वाचलेला असतो.

पहिलं म्हणजे दूत हा शब्द. जुन्या करारात हिब्रूत मलाख आणि नव्या करारात ग्रीकमध्ये अंगेलोस, दोन्हीचा साधा अर्थ निरोप्या, कुणीतरी पाठवलेला. हाच शब्द माणसांनाही वापरलाय, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने येशूकडे आपले शिष्य निरोप घेऊन पाठवले तेव्हा शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकने त्यांना याच शब्दाने ओळखलंय. म्हणजे पंख, पांढरे कपडे, तेजोवलय हे सगळं नंतर, आधी एवढंच की तो पाठवलेला आहे. आणि पाठवलेला माणूस ज्याने पाठवलं त्याचं काम करतो, ज्याच्याकडे आलाय त्याचं नाही. इब्री १:१४ मध्ये हेच आहे, ते सगळे सेवा करणारे आत्मे आहेत, तारणाचा वारसा मिळणार आहे त्यांच्या सेवेसाठी पाठवलेले. सेवा आपली, हे खरं, पण हुकूम देवाचा. आपण मात्र नकळत उलटं धरून बसतो, देवदूत म्हणजे आपल्या नावावर लावलेला बॉडीगार्ड आणि स्तोत्र म्हणजे त्याचा महिन्याचा पगार. पगार चुकला की बॉडीगार्ड गैरहजर. मंडळीतले ते गृहस्थ तुम्हाला जे बोलले ते याच विचारातून, त्यांनाही हे कुणीतरी असंच शिकवलेलं असणार.

आता स्तोत्र ९१. अकरावी-बारावी ओळ सगळ्यांना पाठ असते, की तो आपल्या दूतांना तुझ्याविषयी आज्ञा देईल, तुझ्या सर्व मार्गांत ते तुला सांभाळतील, तुझा पाय धोंड्यावर आपटू नये म्हणून ते तुला हातांवर झेलतील. पायाची ओळ तुमच्या घरात आता कशी ऐकू येत असेल याची मला कल्पना आहे. पण या ओळी पूर्ण बायबलमध्ये आणखी कुणी म्हणून दाखवल्यात माहितेय? सैतानाने. मत्तय ४ आणि लूक ४, दोन्हीकडे. मंदिराच्या टोकावर येशूला उभं करून म्हणतो, उडी मार, दूत झेलतील असं लिहिलंय की. आणि म्हणताना त्याने "तुझ्या सर्व मार्गांत" एवढे शब्द गाळलेत, दोन्ही शुभवर्तमानांत ते नाहीत. मार्ग म्हणजे देवाने ज्या वाटेवर चालायला सांगितलं ती वाट. ती गाळली की उरलेलं वचन नुसती गॅरंटी होतं, कुठूनही उडी मारा, झेललं जाईल. येशूने काय उत्तर दिलं, तर जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकातलं ६:१६, तुझा देव परमेश्वर ह्याची परीक्षा पाहू नको. उडी मारली नाही. आणि मग मत्तय सांगतो की सैतान निघून गेल्यावर दूत येऊन त्याची सेवा करू लागले. म्हणजे दूत होतेच, फक्त सिद्ध करून दाखवायच्या खेळात ते आले नाहीत.

त्याच स्तोत्राची पंधरावी ओळ आपण घाईत म्हणून टाकतो, तिथे देव म्हणतो की संकटात मी त्याच्याजवळ असेन. ज्याच्यावर संकट येणारच नाही त्याला कुणी असं कशाला सांगेल? स्तोत्र लिहिणाऱ्यालाच धरून चाललंय की संकट येईल. मी कित्येक वर्षं हे स्तोत्र आजाऱ्यांच्या उशाशी वाचलं आणि माझ्या स्वतःच्या हे फार उशिरा लक्षात आलं, एका पेशंटने दाखवून दिलं, बिचारे सहा महिने अंथरुणात होते आणि म्हणाले पास्टर तुम्ही नेहमी बारावीवर थांबता, पुढे वाचा ना.

आता जो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १२. इ.स. ४४ च्या आसपासची गोष्ट. हेरोद राजा मंडळीवर उठला. योहानाचा भाऊ याकोब, येशूच्या अगदी जवळच्या तिघांतला एक, त्याला तलवारीने मारलं. एवढंच. एका ओळीत संपवलंय. दूत नाही, उजेड नाही, शेवटचं काही बोलणं नाही. मग येशूचा दुसरा शिष्य पेत्र, त्याला पकडलं, चार-चारच्या चार तुकड्या म्हणजे १६ शिपाई पहाऱ्याला, दोन साखळ्या, दोन शिपायांच्या मधे झोपलेला. आणि दुसऱ्या दिवशी बाहेर काढणार त्याच्या आदल्या रात्री दूत येतो, कुशीत मारून उठवतो, साखळ्या गळून पडतात, लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो.

एकच मंडळी, एकच राजा, तोच छळ, तोच देव. एक गेला, एक सुटला. तुमचा भाऊ आणि त्याचा मित्र.

हे पुस्तकही लूकचंच, आणि तो इथे काहीही समजावून सांगत नाही. याकोबाचा विश्वास कमी होता असं म्हणत नाही, पेत्राचा जास्त होता असंही म्हणत नाही. (पेत्राने तर काही वर्षांपूर्वी कोंबडा आरवायच्या आत तीनदा येशूला नाकारलेलं, विश्वासाच्या मार्कांवर निकाल लागला असता तर यादीत तो खाली गेला असता.) आणि पुढची गंमत बघा, पेत्र सुटून मार्कच्या आईच्या घरी येतो, आत सगळे त्याच्यासाठीच प्रार्थना करतायत, तो दार वाजवतो, रोदा नावाची मुलगी त्याचा आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते, सांगते पेत्र आलाय. आणि हे प्रार्थना करणारे लोक तिला काय म्हणतात, तुला वेड लागलंय. ती ठासून सांगते तर म्हणतात त्याचा दूत असेल. म्हणजे ज्यांच्या प्रार्थनेला उत्तर मिळालं त्यांचाच उत्तरावर विश्वास नव्हता! आणि तरी पेत्र बाहेर उभा होता. तर मंडळीतल्या त्या गृहस्थांना, राग न धरता, एवढंच विचारा की मग इथे कुणाचा विश्वास पुरला होता.

बेथलेहेमचंही तेच, येशू बाळ होता तेव्हाचं. योसेफाला स्वप्नात दूत येऊन सांगतो, ऊठ, बाळाला आणि आईला घेऊन मिसरात पळ. शेजारच्या घरात कुणाच्या स्वप्नात कुणी आलं नाही, दोन वर्षांच्या आतले मुलगे राजाच्या हुकमाने मारले गेले आणि मत्तयने त्या आयांचं रडणं तिथेच लिहून ठेवलंय, सुटकेच्या गोष्टीला चिकटूनच. बायबल ही बाजू लपवत नाही, आपणच लपवतो. दूताने वाचवलं अशा साक्षी पटापट फॉरवर्ड होतात, दुसऱ्या बाजूच्या नाही होत.

मग पेत्रालाच का? मला जेवढं दिसतं तेवढं सांगतो. पेत्राचं काम अजून बाकी होतं. तो कायमचा वाचला असं नाही, योहान २१ मध्ये येशूने त्याला आधीच सांगून ठेवलंय की म्हातारा झाल्यावर तू हात पसरशील आणि दुसरा तुला नको तिथे नेईल, आणि त्याला रोममध्ये वधस्तंभावर मारलं असं मंडळीची परंपरा सांगते. तेव्हा कुठला दूत दरवाजा उघडायला आला नाही. म्हणजे सुटका ही त्या माणसाच्या लाडाची गोष्ट नव्हती, ती कामाची होती. पण हे उत्तर पेत्राच्या बाजूने चालतं, याकोबाच्या बाजूने मला पूर्ण उत्तर देता येत नाही आणि जो देतो त्याच्यापासून जरा जपून राहा. याकोबाची आई आठवते का, मत्तय २० मधली, जिने येशूकडे आपल्या दोन्ही मुलांसाठी उजवीकडची डावीकडची जागा मागितली होती. तिला त्या आठवड्यात कुणी येऊन सांगितलं असतं की बघा पेत्राला देवदूताने वाचवलं, साक्ष आहे, तर?

तर आतापर्यंतचं एवढं. दूत आहेत, रक्षण करतात, पण देवाच्या हुकमाने. वचन संकट येणार नाही असं नाही, संकटात एकटं सोडणार नाही असं आहे. आणि दूत आला किंवा नाही यावरून कुणाचा विश्वास मोजता येत नाही.

आता दुसऱ्यांचं म्हणणं, की देवदूताने भावाला वाचवलं, साक्ष द्या. हे चूक आहे असं मी म्हणत नाही, कदाचित तसंच झालं असेल. पण बोलताना कुठे आणि कुणासमोर बोलताय ते बघा. हे मी माझ्या चुकीवरून सांगतोय. सुरुवातीच्या वर्षांत एका माणसाची बायको मोठ्या अपघातातून शुद्धीवर आली, मी वॉर्डातच मोठ्या आवाजात म्हणालो, देवाच्या दूताने तुमच्या बायकोला हातांवर झेललं. मधे फक्त एक पडदा होता, आणि पलीकडच्या कॉटवरचा मुलगा त्याच सकाळी गेला होता, नातेवाईक सामान आवरत होते. पडदा सरकला, त्याच्या बापाने माझ्याकडे एकदा बघितलं, काही बोलला नाही, पिशवी उचलून गेला. त्या दिवसापासून हे वाक्य मी दुसऱ्याच्या वतीने बोलत नाही. माणूस स्वतः म्हणाला की मला दूताने वाचवलं, तर मी आमेन म्हणतो, त्याचा अनुभव त्याचा. पण त्याच्या वतीने जाहीर करणं माझं काम नाही. तुमच्या भावाच्या मित्राची आई त्याच मंडळीत बसते. साक्ष द्यायचीच तर आधी तिच्या घरी जा, आणि तिथे साक्ष देऊ नका, नुसतं बसा. तुमच्या भावाच्याही मनात हेच असणार असं मला वाटतं, तो वाचला आणि मित्र गेला, त्यामुळे "तुला देवदूताने वाचवलं" हे वाक्य त्याला आनंद देत नसेल, टोचत असेल.

आणि मित्राबद्दल. त्याच्याजवळ दूत नव्हते असं समजू नका. लूक १६ मध्ये येशूने सांगितलेला लाजर बघा, आयुष्यभर दाराशी पडून, अंगभर फोड, कुत्री येऊन चाटायची, जिवंतपणी एकही दूत त्याच्याकडे फिरकल्याचं लिहिलेलं नाही. आणि मेल्यावर काय, दूतांनी त्याला अब्राहामाच्या उराशी नेलं. दृष्टांत आहे, त्यावर मोठा सिद्धांत उभारू नये हे मान्य. पण येशूला हे चित्र वापरावंसं वाटलं. माझ्यापुरतं सांगतो, मी अंत्यविधीला स्तोत्र ९१ पेक्षा हे जास्त वाचतो. काही वेळा झेलणं अलीकडे होतं, काही वेळा पलीकडे.

दूत आला तरी प्याला, म्हणजे वाट्याला आलेलं दुःख, टळतोच असं नाही, हे तर येशूला पकडलं त्या रात्री गेथशेमाने बागेत दिसतं. येशू प्रार्थना करतोय, प्याला दूर कर, आणि लूक सांगतो की स्वर्गातून एक दूत त्याला दिसला, त्याने त्याला बळ दिलं. (ही ओळ काही जुन्या हस्तलिखितांत नाही, तुमच्या बायबलमध्ये तशी टीप असू शकते.) बळ दिलं आणि प्याला तिथेच राहिला. थोड्याच वेळाने येशू म्हणतो की मी मागितलं तर पिता दूतांच्या १२ पलटणींहून जास्त पाठवील, पण मागत नाही. ज्याच्या हुकमाखाली सगळे दूत आहेत तोच त्या रात्री त्यांच्याशिवाय पुढे गेला, हे लक्षात ठेवलं की "माझ्यासाठी का नाही आले" हा प्रश्न सुटत नाही, पण तो विचारताना आपण एकटे नसतो.

मधेच एक, हेल्मेटचं तुम्ही काही लिहिलं नाही आणि मी विचारणारही नाही, पण वाचणारी पोरं असतील त्यांच्यासाठी. कृत्ये २७ मध्ये प्रेषित पौलाच्या जहाजाला वादळ लागतं, दूत रात्री येऊन सांगतो की कुणाचाही जीव जाणार नाही, फक्त जहाज जाईल. एकूण माणसं २७६. इतकं स्पष्ट वचन. आणि तरी जेव्हा खलाशी गुपचूप होडी सोडून पळायला बघतात तेव्हा पौल सुभेदाराला सांगतो, हे जहाजावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शेवटी पोहता येणारे पोहत गेले, बाकीचे फळ्यांवर. वचन होतं तरी पौलाने खलाशी जाऊ दिले नाहीत, आणि फळ्यांवरून जाण्यात कुणाला विश्वासाची कमी दिसली नाही. पेत्रालाही दूताने साखळ्या सोडून दिल्या, पण कंबर बांध, वहाणा घाल हे त्याला स्वतःला करायला लावलं, आणि एक रस्ता ओलांडल्यावर दूत निघून गेला, पुढचं घर त्याचं त्यानेच शोधलं. तर हेल्मेट घाला, गाडी हळू चालवा, औषध वेळेवर घ्या. दूताच्या भरवशावर ब्रेक न लावणं म्हणजे मंदिराच्या टोकावरची तीच उडी.

तुम्ही असंही विचारलंय की प्रत्येकाला स्वतःचा असा एक दूत असतो का. इथे मंडळ्यांमध्ये फरक आहे. मत्तय १८:१० मध्ये येशू लहानांबद्दल म्हणतो की त्यांचे दूत स्वर्गात माझ्या पित्याचं मुख सतत पाहतात, आणि रोदाच्या गोष्टीतलं "त्याचा दूत असेल" हे, या दोन जागांवर सगळा वाद उभा आहे. कॅथलिक शिकवणीत प्रत्येक विश्वासणाऱ्याशेजारी रक्षक दूत असतो, त्यांचा सण २ ऑक्टोबरला. तेराव्या शतकात कॅथलिक धर्मपंडित थॉमस अक्विनासने तर जन्मापासून प्रत्येक माणसाला एक असं मांडलं. सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन, त्याला मात्र हे ठामपणे सांगावंसं वाटलं नाही, त्याचं म्हणणं साधारण असं की एकाच्या नावावर एक दूत कशाला शोधता, अख्खं स्वर्गीय सैन्य तुमच्यासाठी जागं आहे. मी कॅल्विनच्या बाजूला झुकतो, त्याचं कारण जुन्या करारातली दोथान शहराची गोष्ट. अलीशा या संदेष्ट्याचा नोकर सकाळी उठून बघतो तर शहराला शत्रूचा वेढा, घाबरतो, अलीशा प्रार्थना करतो की याचे डोळे उघड, आणि त्याला डोंगरभर अग्नीचे घोडे आणि रथ दिसतात. एक नाही, डोंगरभर. पण कॅथलिक घरातलं मूल रात्री आपल्या रक्षक दूताचं नाव घेऊन झोपत असेल तर मी ते मोडायला जाणार नाही.

दूताला आपल्या मनाने एखादं नाव देणं मात्र टाळा. इंटरनेटवर हल्ली जन्मतारखेवरून दूताचं नाव सांगणारे आहेत. व्हॅटिकननेसुद्धा २००१ मध्ये सांगितलंय की मीखाएल, गब्रीएल आणि राफाएल सोडून दूतांना नावं देऊ नयेत (राफाएल तोबीतच्या पुस्तकात येतो, जे आमच्या प्रोटेस्टंट बायबलमध्ये नसतं). आणि दूताकडे मागायचं की देवाकडे? कॅथलिक लोक रक्षक दूताला हाक मारतात, पण ती विनंती असते, उपासना नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. आम्ही देवाकडेच मागतो. मार्टिन लूथरने १५२९ मध्ये घराघरांत म्हणायला दिलेल्या सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेत हेच आहे, तुझा पवित्र दूत माझ्याबरोबर असू दे, म्हणजे बोलणं देवाशी, मागणं दूताचं. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, योहान दोनदा दूताच्या पाया पडायला जातो आणि दोन्ही वेळा दूत त्याला थांबवतो, असं करू नको, मीही तुझ्यासारखाच दास आहे, देवाला नमन कर. स्वतःकडे लक्ष ओढणारा दूत असेल तर मला शंकाच येते, पौलही लिहितो की सैतान उजेडाच्या दूताचं सोंग घेतो.

हे हॉस्पिटलमध्ये फार कामाला येतं. पेशंट सांगतात, काल रात्री पायाशी कुणीतरी उभं होतं. पूर्वी मी लगेच हो दूतच तो म्हणायचो, आता नाही. पेनकिलरचे डोस जबर असतात, झोप नसते, त्यात बरंच काही दिसतं, तेव्हा भास वाढले किंवा पेशंट घाबरला तर आधी नर्सला सांगतो. पण हसूनही नेत नाही. विचारतो, ते दिसल्यावर तुम्हाला कसं वाटलं? भीती वाटली की शांत वाटलं, देवाकडे मन गेलं की त्या आकृतीकडेच अडकलं? बायबलमध्ये दूत दिसला की माणूस आधी घाबरतोच, म्हणून तर त्यांना पुन्हा पुन्हा "भिऊ नको" म्हणावं लागतं, पण भेट संपते तेव्हा माणसाच्या हातात करायला काहीतरी असतं.

मुलीला काय सांगायचं. तिचा प्रश्न भारी आहे, हसण्यावारी नेऊ नका. स्तोत्र १२१ मध्ये याचं सरळ उत्तर आहे, आपला राखणारा डुलकी घेत नाही, झोपत नाही. तिला सांगा कुणी झोपलं नव्हतं. मग ती विचारणारच, मग थांबवलं का नाही, तेव्हा मला माहीत नाही म्हणा, आणि मलाही याचंच रडू येतं म्हणा. आठ वर्षांच्या मुलीला हे चालतं, खोटं उत्तर दिलं तर ते तिला चौदाव्या वर्षी कळतं आणि मग आपण सांगितलेलं बाकीचंही ती संशयाने बघते. मामाचा मित्र आता देवदूत झाला असं तिला कुणी सांगितलं असेल तर हळूच दुरुस्त करा. माणसं मेल्यावर देवदूत होत नाहीत. मार्क १२ मध्ये येशू म्हणतो ते लग्नाच्या बाबतीत दूतांसारखे असतील, दूत होतील असं नाही. आपण माणूसच राहतो, आणि पौल तर करिंथकरांना लिहितो की आपण दूतांचा न्याय करू. तिला एवढंच सांगा की तो प्रभूजवळ आहे आणि अजून तोच आहे, त्याच नावाचा.

स्तोत्र ९१ बंद करायचं का? नाही. पण काही दिवस ताईतासारखं म्हणणं बंद करा, म्हणजे आज म्हटलं नाही तर काहीतरी होईल ही जी धाकधूक असते ना, ती असेल त्या दिवशी मुद्दाम दुसरं काहीतरी वाचा आणि शांत झोपा. पुन्हा म्हणाल तेव्हा सोळाव्या ओळीपर्यंत म्हणा.

आता भाऊ. तुम्ही लिहिलंय तो भिंतीकडे तोंड करतो. त्याच्या खोलीत तूर्त ९१ वाचू नका, पायाची ओळ त्याला पाठ आहे, तुम्ही वाचायची गरज नाही. जिवाला कंटाळल्यासारखं काही बोलत असेल, जगून काय उपयोग, मी का वाचलो, असं, तर ते मनावर घ्या, त्याला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, समुपदेशकाची मदत घ्या. प्रार्थना करतोय म्हणून डॉक्टर नको असं करू नका. बायबलमध्ये नेमका असाच एक माणूस आहे. एलीया नावाचा संदेष्टा, १ राजे १९. पळून पळून थकलेला, एका झुडपाखाली बसून म्हणतो, परमेश्वरा, पुरे झालं, आता माझा प्राण घे. आणि दूत येतो. तो त्याला काय सांगतो बघा, वचन नाही, तुझा विश्वास कुठे गेला नाही, तू का वाचलास याचं कारण नाही. स्पर्श करतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी गरम दगडांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या. एलीया खातो, पितो आणि पुन्हा आडवा होतो, दूत काही म्हणत नाही. मग दुसऱ्यांदा येऊन हात लावतो, ऊठ, खा, तुला वाट फार लांब आहे.

तर उद्या त्याच्याकडे जाताना त्याचं जेवण घेऊन जा, पाणी जवळ ठेवा, खांद्याला हात लावून उठवा आणि तो खाईपर्यंत बसा. खाऊन तो पुन्हा भिंतीकडे वळून झोपला तर झोपू द्या, एलीयाही झोपला होता.